घरच्या घरी क्रूझर: काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

आजचा विषय क्रूझर मोटरसायकल आणि तिला घरी बसून, बाजारातले सुटे भाग लावून, आपल्या मापाची कशी करायची हा आहे.

मी बंगळुरूत राहतो. या शहराला मोटरसायकलचं वेड जुनं आहे. शेजारी मैसुरूत आयडियल जावा कंपनीने जावा आणि नंतर येझदी बनवल्या. पलीकडे मद्रासला १९५५ पासून एनफील्डचा कारखाना. आमच्या फौजेत तर बुलेट म्हणजे घरचीच. त्यामुळे इथे रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या रस्त्याला लागलात, तर एकसारख्या दोन क्रूझर सापडणार नाहीत. प्रत्येकाने काहीतरी लावलेलं असतं किंवा काढलेलं असतं.

तरुण मुलं मला विचारतात, "सर, सुरुवात कशापासून करू?" बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं, ते म्हणजे सायलेन्सर. माझा क्रम उलटा आहे. आधी शरीर, मग ओझं, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी रूप. आणि या सगळ्यावर एक नियम: जे लावाल ते एका संध्याकाळीत काढता आलं पाहिजे आणि कंपनीचा मूळ भाग परत बसला पाहिजे. म्हणजे कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, वायर तोडून जोडणं नाही. काढलेला मूळ भाग खोक्यात घालून, वर चिठ्ठी लावून, माळ्यावर ठेवायचा.

उदाहरणाला रॉयल एनफील्डची मीटिओर ३५० घेऊ, कारण ती सगळीकडे दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये आली. ३४९ सीसी, साधारण २० अश्वशक्ती, वजन १९१ किलो. पुढचं चाक १९ इंची, मागचं १७ इंची, सीटची उंची ७६५ मिलिमीटर. ही गाडी पळवायची नसून दिवसभर चालवायची आहे. म्हणून तिच्यावरचा पहिला खर्च तुमच्या पाठीवर आणि मनगटांवर व्हायला हवा.

आधी शरीर. सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो. क्रूझरमध्ये पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की घोड्यावर उठावं तसं पायांवर उठता येत नाही. धक्का थेट माकडहाडातून कण्यात जातो. बंगळुरूच्या रस्त्यांवर याची प्रचिती घ्यायला फार लांब जावं लागत नाही. साठीच्या माणसाला तर चांगल्या फोमची सीट आणि छोटा बॅकरेस्ट ही औषधासारखी खरेदी आहे. सीट घेताना दुकानात पाच मिनिटं बसून ठरवू नका. मऊ सीट दुकानात छान वाटते आणि शंभर किलोमीटरनंतर खाली बसते. थोडी घट्ट आणि रुंद सीट बरी.

हात ताणले जात असतील तर हँडल रायझर लावता येतो. दोन-तीन सेंटीमीटरनेही मोठा फरक पडतो. पण इथेच खरा धोका आहे. हँडल वर गेलं की क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल आणि ब्रेकचा होज तितकेच ताणले जातात. म्हणून बसवल्यावर तीन तपासण्या करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज जरासुद्धा वाढला तर केबल ओढली जात आहे. मग पुढचं चाक अधांतरी करून फोर्क पूर्ण लांबला की ब्रेकच्या होजमध्ये ढील उरते का ते पाहा. शेवटी, हँडल वळल्यावर वायरींचा जुडगा कुठे चिमटतो का तेही पाहा. यातलं एक जरी चुकलं तर रायझर काढून ठेवा. वळणावर आपोआप वाढणारा ॲक्सिलरेटर म्हणजे अपघाताला दिलेलं आमंत्रण आहे.

मग ओझं. बॅगा, कॅरिअर, बॅकरेस्ट, क्रॅश गार्ड हे सगळं मिळून किती किलो होतं ते तराजूवर मोजा. त्यात स्वतःचं आणि मागे बसणाऱ्याचं वजन मिळवा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. जड वस्तू खाली आणि पुढे ठेवा. मागच्या आसाच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. सॅडलबॅग घेतलीत तर तिच्यामागे लोखंडी आधार हवाच, नाहीतर बॅग चाकात शिरते. सायलेन्सरपासून ती लांब ठेवा आणि तिच्यामागे इंडिकेटर झाकला जात नाही ना ते पाहा.

आता कोणी म्हणेल, "साहेब, फौजी तर एका बुलेटवर पन्नास-पन्नास माणसं बसवतात!" खरं आहे. इथल्याच एएससी सेंटरच्या टोर्नेडोज पथकाने १९ नोव्हेंबर २०१७ रोजी येलहंकाच्या हवाई तळावर ५०० सीसीच्या एका रॉयल एनफील्डवर ५८ जवान बसवून १२०० मीटर अंतर कापलं. पण तो बंद हवाई तळ होता, सरळ रेषा होती आणि मागे कसून केलेला सराव होता. समोरून बीएमटीसीची बस येत नव्हती.

मग उजेड. २०२० च्या मीटिओरला ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब येतो. दुकानदार १०० वॉटचा बल्ब हातात ठेवतो. साधा हिशेब करा. बारा व्होल्टवर ६० वॉटला ५ ॲम्पिअर लागतात, १०० वॉटला ८ च्या वर. वायर आणि स्विच मात्र तेच राहतात. ते तापतात, रिफ्लेक्टर काळवंडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर अंधारी येते ती वेगळी. त्यापेक्षा हेडलाइटचा कोन आधी नीट लावून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. जादा दिवे लावायचेच असतील तर २० वॉटचे दोन पुरे. दोन्ही मिळून साडेतीन ॲम्पिअरही होत नाहीत, पाच ॲम्पिअरचा फ्यूज लावा. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले आणि रिलेतून दिवा, असा वीजप्रवाह न्या. हँडलवरच्या स्विचने फक्त रिले चालवा. दिवे खाली झुकवून बसवा आणि शहरात बंद ठेवा.

शेवटी रूप. आरसे, ग्रिप, टाकीचे पॅड, स्टिकर हे हवं ते करा. पण तीन गोष्टी मी लक्ष्मणरेषेच्या पलीकडे ठेवतो.

पहिली, सायलेन्सर. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते. ९० डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. शिवाय बीएस ६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. ते काढले की इंधनाचं गणित बिघडतं. रात्री अकराला तुमच्या आवाजाने कोणा म्हाताऱ्याची झोप मोडते, हे त्यात धरलेलंच नाही.

दुसरी, साडी गार्ड. गाडी सडपातळ दिसावी म्हणून मुलं तो सर्रास काढतात. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारं संरक्षण बंधनकारक आहे. आपल्या आई, बहिणी, बायका साडी नेसून, ओढणी घेऊन मागे बसतात. पदर चाकात गेला की काय होतं ते सांगायची गरज नाही.

तिसरी, चासी आणि चाकं. रुंद टायर रुबाबदार दिसतो, पण गाडी वळायला जड होते, टायर घासतो आणि आकार बदलला तर स्पीडोमीटर व एबीएस दोन्ही चुकीचं मोजू लागतात.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीचा रंग बदललात तरी परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. आणि जे जे लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेक्षकाला ते पहिल्यांदा दिसू नये.

आता कामाची पद्धत. बंगळुरूचा जे. सी. रोड असो, पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचं करोल बाग, दुकानदार सांगेल, "यात बसतं, थोडं घासा." आमच्याकडे "स्वल्प ॲडजस्ट माडि" म्हणतात. माणसांच्या बाबतीत हे ब्रीदवाक्य फार चांगलं, बोल्टच्या बाबतीत अजिबात नाही. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून त्याचाच भाग घ्या. ब्रेक पॅड मात्र फक्त कंपनीचेच घ्या.

एका वेळी एकच बदल करा. मग पन्नास किलोमीटर चालवा. तीन गोष्टी एकदम लावल्या तर खडखड कुठून येते ते कळत नाही. टॉर्क रेंच विकत घ्या आणि पुस्तिकेतल्या आकड्यानुसार आवळा. आवळल्यावर बोल्टपासून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी चालक जी तपासणी करतो तिला फर्स्ट परेड म्हणतात. तेल, हवा, दिवे, ब्रेक आणि सैल नट-बोल्ट. पाच मिनिटांचं काम आहे. नवे भाग लावलेल्या गाडीला तर ही परेड रोज हवी.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय लावलं, किती आवळलं, मूळ भाग कुठे ठेवला हे लिहा. उद्या गाडी विकताना घेणाऱ्यासमोर ही वही आणि माळ्यावरचं खोकं ठेवा. किंमत कमी करून मागायला त्याची जीभ रेटणार नाही.

येत्या रविवारी काहीही विकत घेऊ नका. फक्त दोनशे किलोमीटर चालवून या आणि नेमकं कुठे दुखलं ते लिहून काढा. पाठ, मनगट, मान की खांदे, जिथे दुखलं तो तुमचा पहिला सुटा भाग. जय हिंद.