पुरानंतर घराची जमीन : ओलावा आणि फरशीबदल

घरात शिरलेले पुराचे पाणी ओसरल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ते धान्य, कपडे, कागदपत्रे यांचे नुकसान. जमिनीचे नुकसान बहुधा पुढील काही महिन्यांत प्रकट होते. फरशी पायाखाली पोकळ वाजू लागते, सांध्यांतून पांढरी भुकटी वर येते, भिंतीच्या पायथ्याशी गिलावा फुगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांची मर्यादा गाठली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. त्या त्या वर्षी गणेशचतुर्थी अनुक्रमे २ सप्टेंबर व १० सप्टेंबर रोजी होती. सणापूर्वी घर पूर्ववत व्हावे ही कुटुंबाची इच्छा स्वाभाविक होय. परंतु जमीन वाळण्यास लागणारा काळ याहून पुष्कळ अधिक असतो. या विसंगतीतून होणारे नुकसान कसे टाळता येईल, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ओलाव्याची गती

वीट, चुना, कोबा हे सर्व पदार्थ सच्छिद्र आहेत. त्यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण अधिक : १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते, तर ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत सुमारे दीड मीटर. म्हणूनच जोत्यातील भरणी ओली राहिली की खोलीत पाण्याचा थेंब नसतानाही भिंतीचा खालचा भाग ओलसर राहतो.

हे पाणी आपल्याबरोबर विरघळलेली लवणे आणते. पाणी पृष्ठभागाशी उडून जाते, लवणे मागे राहून स्फटिकरूप धारण करतात आणि त्यांच्या दाबाने गिलावा सुटतो. यालाच आपण भिंतीस लोणा लागला असे म्हणतो.

तिसरे कारण घराखालच्या मातीत आहे. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणद्रव्य असते. ते भिजले की फुगते, वाळले की आकसते. अशा मातीवरील जमीन कोठे उचलली जाते, कोठे खचते. मुरुमाची भरणी नीट धुम्मस केलेली नसेल तर तीही भिजून बसते आणि फरशीखाली पोकळी निर्माण होते.

फरशी केव्हा काढावी

सर्वच फरशी उखडण्याची आवश्यकता नसते. लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी हलकेच ठोकून पाहावी व पोकळ वाजणाऱ्या फरशांवर खडूने खूण करावी. तुरळक फरशा पोकळ असतील तर तेवढ्याच काढून बसवाव्यात. खुणा सलग पसरलेल्या असतील, किंवा पाणसळ लावून पाहता जमीन खचलेली आढळली, तर दोष भरणीत आहे असे समजावे. तेथे नुसती वरची फरशी बदलणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

जुनी शहाबादी फरशी बहुधा अखंड निघते व धुऊन पुन्हा वापरता येते. काम काढण्यापूर्वी मोरीचा ढाळ व नळ तपासावेत. कित्येकदा पुरास दिलेला दोष गळक्या नळाचा असतो.

वाळण्याचा काळ

काँक्रीटच्या जाडीच्या दर इंचास, अनुकूल हवेत, सुमारे एक महिना असा स्थूल अंदाज प्रचलित आहे. त्यानुसार ४ इंच जाडीच्या थरास चार महिने लागतील. पावसाळी दमट हवेत याहून अधिक. ऑगस्टमध्ये भिजलेली जमीन डिसेंबरच्या सुमारास कामास योग्य होते.

परीक्षा सोपी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद उघड्या जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व किमान १६ तासांनी उचलून पाहावे. खाली दव जमले असेल किंवा कोबा काळवंडला असेल तर थांबणे इष्ट.

येथेच घाईचा धोका स्पष्ट होतो. सारवलेली जमीन किंवा चुन्यात बसविलेली फरशी ओलावा बाहेर जाऊ देत असे. आजच्या व्हिट्रिफाइड टाइलची जलशोषकता अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. ती ओल्या थरावर बसविली की बाष्पीभवनास सांधे आणि भिंतींचे पायथे एवढेच मार्ग उरतात. टाइल सुटते व लोणा वाढतो.

कामाचा क्रम

प्रथम वीजप्रवाह बंद करून चिखल काढावा. फुगलेला गिलावा ओलाव्याच्या रेषेच्या वरपर्यंत खरवडून वारा खेळता ठेवावा. नरम भरणी काढून नवा मुरूम पातळ थरांनी टाकावा व प्रत्येक थर धुम्मस करावा. त्यावर दगडी सोलिंग, कोबा व अखेरीस फरशी हा क्रम असावा. नव्या कोब्यास किमान सात दिवस पाणी मारावे. पुढे तो वाळण्यासही वरीलप्रमाणेच अवधी द्यावा. मधल्या काळात, सणासाठी वा वृद्धांच्या सोयीसाठी, वाळूवर सुट्या शहाबादी फरशा मांडल्यास घर वापरता येते आणि सांधे मोकळे राहिल्याने ओलावाही निघून जातो. त्याच फरशा पुढे कायम बसविता येतात.

अभ्यासकांना येथे पुष्कळ काम आहे. कोब्याचे नमुने १०५ अंश सेल्सियसला वाळवून वजनातील घट मोजली, तर ओलाव्याचे प्रमाण निश्चित कळते. कोकण आणि देश येथील घरांत अशी मोजमापे महिन्यागणिक घेतल्यास, वर दिलेल्या स्थूल अंदाजाऐवजी स्थानिक हवामानास अनुरूप असा काळ पूरग्रस्त कुटुंबांना सांगता येईल.