बोलन खिंड : कोरड्या नदीने कोरलेली वाट

शाळेतील नकाशासंग्रहात वाळवंटी प्रदेशाचे पान उघडले, तर तेथील बऱ्याच नद्या तुटक रेषांनी काढलेल्या दिसतात. वर्षातील बहुतेक काळ ज्यांच्या पात्रात पाणी नसते, अशा या नद्या. मग वर्गात हमखास प्रश्न येतो : पाणीच नाही, तर नदी काढायची कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण पाकिस्तानातील बलुचिस्तान प्रांतात, बोलन खिंडीत जाऊ.

खिंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन डोंगरांमधील अरुंद फट येते. बोलन खिंड तशी नाही. ती सुमारे ९० किलोमीटर लांबीची, वळणावळणांची दरी आहे. तिचे खालचे तोंड सिबी आणि ढाढर या गावांजवळ, कच्छीच्या मैदानात उघडते (हे गुजरातेतील कच्छ नव्हे). सिबीची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम १३० मीटर, तर खिंडीच्या माथ्यावरील कोलपूरची सुमारे १८०० मीटर. माथ्यापलीकडे क्वेट्ट्याचे पठार आहे. सिबीचा उन्हाळा उपखंडातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक, तर क्वेट्ट्याला हिवाळ्यात बर्फ पडते. दोन अगदी वेगळी हवामाने या एका दरीने जोडली आहेत.

हे डोंगर उभे राहिले ते भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूभागाला रेटत असल्यामुळे. जमिनीवर पसरलेली सतरंजी एका बाजूने ढकलली की तिला सुरकुत्या पडतात. इथे सुरकुत्या पडल्या त्या समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीला आणि इतर गाळाच्या खडकांना. ही हालचाल अजून थांबलेली नाही. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

भूकवचाच्या हालचालींनी डोंगर उचलले, पण त्यांतून वाट कापली ती पाण्याने. इथेच खरे कोडे आहे. क्वेट्ट्याचा वार्षिक पाऊस सरासरी सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा पाण्याने एवढे खडक कापले कसे?

उत्तर असे, की नदीची ताकद वर्षभरात एकूण किती पाऊस पडला यापेक्षा तो किती वेळात वाहून आला यावर अवलंबून असते. डोंगरावर गवत, झाडे आणि पालापाचोळा असला तर पाऊस अडतो, मुरतो आणि सावकाश ओढ्याला मिळतो. बोलनचे उतार उघडेबोडके आहेत. माती पातळ आणि कडक. एखादी जोराची सर आली की बहुतेक पाणी घसरत खाली येते आणि सारे ओढे एकाच वेळी दरीत शिरतात. कोरड्या पात्रात बघता बघता पुराची भिंत उभी राहते.

वेगाचा परिणामही ध्यानात घ्यायला हवा. जलशास्त्रातील एक ढोबळ नियम सांगतो, की प्रवाह जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलू शकेल, हे वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर प्रवाह २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतो. वर्षभर रोडावून वाहणारे पाणी जे करू शकत नाही, ते एका दिवसाचा पूर करतो. हे दगडच मग कानशीप्रमाणे तळाचा खडक घासतात.

पूर ओसरला की दगडगोट्यांचा जाड थर मागे उरतो आणि उरलेले पाणी त्याखालून वाहू लागते. खिंडीतील एका ठिकाणाचे नावच आब-ए-गुम आहे. फारसीत आब म्हणजे पाणी आणि गुम म्हणजे हरवलेले. तिथे नदी डोळ्यांदेखत गोट्यांत नाहीशी होते. इतर काही ठिकाणी झऱ्यांच्या रूपाने पाणी वर येते. नदीने केलेला सलग चढ आणि वाटेत मिळणारे पाणी, या दोन गोष्टींमुळेच माणसांनी आणि जनावरांनी ही वाट धरली.

ती किती जुनी आहे याचा पुरावा खिंडीच्या तोंडाशी मेहेरगढला मिळाला. झाँ-फ्रान्स्वा जारीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ पासून तेथे उत्खनन केले. गहू-जव पिकवणाऱ्या आणि गुरे पाळणाऱ्या, उपखंडातील अगदी आरंभीच्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तिचा आरंभ इ. स. पूर्व ७००० च्या सुमाराचा मानला जात असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दातांच्या एनॅमलवर आधारित कार्बन-कालमापनाने तो इ. स. पूर्व ५२०० च्या आसपास आणला आहे. तेथील दफनांत समुद्रातील शिंपल्यांचे आणि लाजवर्दी दगडांचे मणी सापडले. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर! आणि ही सर्वांत जुनी वस्ती उजेडात आणण्यात बोलन नदीचाही हात होता : पात्र बदलताना तिने टेकाड कापले आणि आतले थर उघडे पडले.

पुढे ब्राहुई पशुपालक थंडीत कळप घेऊन या डोंगरांतून मैदानात उतरत आणि उन्हाळ्यात वर जात. त्यांची भाषा कन्नड-तेलुगूप्रमाणे द्रविड कुळातील आहे. १६५९ मध्ये औरंगजेबापुढे पराभूत झालेला दारा शुकोह कंदाहारकडे निघाला असता याच खिंडीच्या तोंडाशी पकडला गेला. १८३९ मध्ये अफगाणिस्तानवर चालून जाणारी इंग्रजांची फौज इथून गेली, तेव्हा चाऱ्याअभावी उंट वाटेतच कोसळले.

परंतु नदीची खरी परीक्षा दिली ती रेल्वेने. १८८० मध्ये लोहमार्ग सिबीपर्यंत पोचला. १८८५ मध्ये रशियाशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच घाई झाली आणि बोलनच्या कोरड्या पात्रातूनच रूळ टाकण्यात आले. १८८६ मध्ये गाडी क्वेट्ट्याला पोचली. १८८९ च्या पुराने तो मार्ग वाहून नेला. दुसरा मार्ग हरनाईवरून, चप्पर नावाच्या खोल घळीवरील पुलावरून १८८७ मध्ये सुरू झाला होता. १९४२ च्या पुरानंतर चप्परचा तो भाग कायमचा सोडून द्यावा लागला. तिसरा मार्ग १८९० च्या दशकात बांधला गेला. खालच्या टप्प्यात नदीपासून दूर राहून, बोगदे खोदून आणि उंच पूल बांधून तो नेला आहे. वरच्या टप्प्यात त्याचा चढ २५ मीटरला १ मीटर इतका आहे. आपल्या भोर घाटात तो ३७ मीटरला १ आहे. हाच मार्ग टिकला. तरीही ऑगस्ट २०२२ च्या महापुरात हिरोकजवळील पूल कोसळला आणि क्वेट्ट्याची रेल्वे काही महिने तुटली.

या साऱ्यातून एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवता येईल. सरासरी पाऊस हा आकडा पिकांसाठी उपयोगी असला, तरी पूल बांधणाऱ्याला तो फसवतो. पुलाची उंची आणि कमानींची रुंदी ठरवायची ती क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरावरून. नदीपात्रात तळ ठोकणाऱ्यालाही हेच लागू आहे; आकाश डोक्यावर निरभ्र असले तरी पाऊस वर डोंगरात पडलेला असू शकतो.

यासाठी वर्गात सोपा प्रयोग करता येतो. दोन सारखे ट्रे घ्या. एकात गवतासह उचललेला मातीचा थर ठेवा, दुसऱ्यात दाबून वाळवलेली उघडी माती. दोन्ही सारखेच तिरके करा, झारीने तेवढेच पाणी ओता आणि खाली ठेवलेल्या भांड्यांत दर अर्ध्या मिनिटाला किती पाणी जमते ते मोजून आलेख काढा. उघड्या मातीच्या आलेखात चटकन वर चढणारे टोक दिसेल. बोलनचा पूर तोच, फार मोठ्या प्रमाणावर. मग नकाशावरील तुटक रेषेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.