तबकडीवरचे हात

ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने जग ज्याला ओळखतं तो जोसेफ सॅडलर वादक आहे आणि टर्नटेबल हे त्याचं वाद्य आहे, असं माझं ठाम मत आहे. १९५८ साली बार्बाडोसमध्ये जन्मलेला फ्लॅश न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढला आणि शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला. गाण्यात गायक थांबून नुसता ड्रमचा ठेका उरतो त्या काही सेकंदांना ‘ब्रेक’ म्हणतात. नाचणारी पोरं त्याचीच वाट पाहत असतात हे ब्राँक्समधल्या डीजे कूल हर्कने १९७३ च्या सुमारास ओळखलं. तो एकामागून एक ब्रेक लावायचा, पण सुई अंदाजाने टेकवल्यामुळे मधे लय तुटायची. फ्लॅशला नेमकं हेच खटकलं. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या, ब्रेकच्या जागी मेणखडूने खूण केली आणि एक प्रत वाजत असताना दुसरी बोटांनी उलटी फिरवून खुणेवर आणायला सुरुवात केली. लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. दहा सेकंदांचा ब्रेक साडेपाच फेऱ्यांत संपतो. तेवढ्यात दुसरी तबकडी मागे आणायची, हेडफोनवर तपासायची आणि अचूक मात्रेवर सोडायची. रबरी चकतीवर रेकॉर्ड सरकत नव्हती, म्हणून त्याने फेल्टच्या कापडाला खळ देऊन वेगळी चकती केली. पुढची रेकॉर्ड आधी ऐकता यावी म्हणून स्विचही स्वतःच जोडला. वाद्य आपल्या हाताला जुळवून घेणं आणि लयीसाठी तासन्‌तास रियाज करणं हे वादकाचंच काम आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: संगीत तर दुसऱ्यांचं! त्याला उत्तर १९८१ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ या रेकॉर्डमध्ये आहे. सुमारे सात मिनिटांची ही रचना टर्नटेबलांवर थेट वाजवून मुद्रित झाली. शीक या गटाचं ‘गुड टाइम्स’ आणि क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ यांच्या बेसच्या चालींतलं साम्य, दोन्ही गाणी सुटी ऐकताना कदाचित निसटेल. फ्लॅश ती शेजारी आणतो आणि नातं लख्ख ऐकू येतं. निवड, जागा आणि क्षण यांतून नवा अर्थ घडवणं मूळ गाण्यात नव्हतं. ते त्याचं आहे. दुसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. ज्यांच्या ठेक्यांवर हे सगळं उभं राहिलं, त्या ड्रमवादकांतल्या अनेकांना ना श्रेय मिळालं, ना पैसा. तो अन्याय खराच आहे. पण तो हिशेब रेकॉर्ड कंपन्यांकडे आणि कायद्याकडे मागायचा. त्यामुळे हाताचं कसब खोटं ठरत नाही.

फ्लॅशच्या वाट्यालाही श्रेयाचा असाच गोंधळ आला. १९८२ चं गाजलेलं रॅप गाणं ‘द मेसेज’ ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाच्या नावाने निघालं, पण त्यात त्याचा हात जवळजवळ नव्हताच. कंपन्यांना शब्द विकणं सोपं वाटलं, स्टुडिओतले वादक ठेका वाजवू लागले आणि डीजे मागे ढकलला गेला. २००७ मध्ये हाच गट रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला हिप-हॉप गट ठरला. २०१९ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मात्र गटाला नव्हे, तर फ्लॅशला त्याच्या स्वतःच्या नावाने मिळाला. टर्नटेबलवर वाजवणाऱ्याला तो मिळाला, म्हणून हा सन्मान मला अधिक मोलाचा वाटतो.