पगार सोडून पोकर : परभणीच्या लिपिकाचा हिशेब

३ टक्के, ५२ टक्के आणि ९९ टक्के. तिन्ही आकडे एकाच खेळाडूचे आहेत. त्याचे कौशल्य तेच आणि पोकरसाठी बाजूला काढलेले ८ लाख रुपयेही तेच. नोकरी सांभाळून खेळला तर हे ८ लाख कधी ना कधी पूर्ण बुडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के. नोकरी सोडली आणि त्याच पैशातून महिन्याला २५ हजार घरखर्चाला काढले, की ती ५२ टक्क्यांवर जाते. घरखर्च पगाराइतकाच, म्हणजे ३०,८४५ रुपये झाला, तर ९९ टक्क्यांना टेकते.

हा खेळाडू कच्चा नाही, उलट चांगला जिंकणारा आहे. पोकरसाठी नोकरी सोडावी का, हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण ‘मी जिंकेन का?’ एवढ्यावर थांबतात. मला वाटते, जिंकणाऱ्यालाही राजीनामा परवडतो का, हे आधी तपासायला हवे. म्हणून हिशेब मुद्दाम जिंकणाऱ्याचाच मांडतो.

३०,८४५ हा आकडा घेतला तो असा. राज्य सरकारी कनिष्ठ लिपिकाचे सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. त्यावर जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरला की ३०,८४५ होतात. घरभाडे भत्ता मी सोडून दिला आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत सरकार आपल्या वाट्याचे १४ टक्के, म्हणजे महिन्याला ४,३१८ रुपये भरते. ते मिळवले की महिन्याचे ३५,१६३ आणि वर्षाचे सुमारे ४ लाख २२ हजार होतात. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या अभ्यासिकांत मुले या एका जागेसाठी वर्षानुवर्षे बसतात. सोडायची आहे ती ही नोकरी.

आता खेळाच्या बाजूची गृहीतके. पोकरमध्ये कमाई मोजतात ती दर १०० डावांमागे किती ‘बिग ब्लाइंड’ सुटले यावर. बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होण्याआधी एका खेळाडूने टाकायची ठरलेली रक्कम. आपण १००-२०० चे टेबल धरू, म्हणजे बिग ब्लाइंड २०० रुपयांचा. आपला खेळाडू टेबल चालवणाऱ्या घरमालकाची कपात जाऊन १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड, म्हणजे हजार रुपये कमावतो. हा दर सातत्याने राखणारा माणूस टेबलावरच्या बहुतेकांपेक्षा सरस असतो. मात्र या खेळातले चढउतार फार मोठे असतात. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात १०० डावांचे प्रमाण विचलन साधारण ७५ ते १०० बिग ब्लाइंड असते. आपण ९० धरले. म्हणजे सरासरी कमाई ५ आणि तिच्या आजूबाजूचा हेलकावा ९०.

हेलकावा एवढा का, हे पत्त्यांतच दिसते. एक्क्यांची जोडी हातात येते ती सरासरी २२१ डावांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे आठ तास बसल्यावर ही जोडी एकदा मिळणार. त्यावर समोरच्याने राजांची जोडी घेऊन सगळे पैसे लावले, तरीही १०० पैकी सुमारे १८ वेळा तोच जिंकतो. दिवसातला सर्वांत चांगला डाव बिनचूक खेळूनही हरता येते, आणि त्यात कोणाची चूक नसते.

भांडवल आहे ८ लाख, म्हणजे ४,००० बिग ब्लाइंड. खर्चाला काहीच न काढता, कर न भरता खेळले तर ते बुडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी निघते. पण जिंकलेल्या करपात्र रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. त्यामुळे ५ मधले १.५६ गेले, ३.४४ उरले. नोकरी असेल तर हे सगळे भांडवलात राहते. सुरुवातीचे ३ टक्के आले ते इथून. नोकरी गेली की घरखर्च याच पिशवीतून. आठवड्याला ४० तास, वर्षाला २,००० तास खेळले तर ५४ हजार डाव होतात. महिन्याचे २५ हजार म्हणजे वर्षाचे ३ लाख, आणि ते ५४ हजार डावांवर पसरले की १०० डावांमागे २.७८ बिग ब्लाइंड. उरले किती? ०.६६. एवढ्या बारीक नफ्याच्या आधाराने ९० चा हेलकावा सोसायचा. तिथे बुडण्याची शक्यता ५२ टक्के होते. खर्च महिन्याला सुमारे ३०,९६० रुपयांपर्यंत गेला की उरलेला नफा शून्य, आणि मग बुडणे ही फक्त वेळेची बाब राहते. ही मर्यादा लिपिकाच्या पगाराला शंभर-सव्वाशे रुपयांच्या फरकाने येऊन भिडते, हे मला हिशेब करताना सर्वांत बोलके वाटले.

करातही हात सैल ठेवला आहे. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर कर आकारताना हरलेली रक्कम वजा मिळत नाही आणि प्रवास-मुक्कामाचा खर्चही वजा होत नाही. मी मात्र कर निव्वळ कमाईवरच धरला. तिकडे २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, लिपिकाला एक रुपया भरावा लागत नाही. ती सवलत पत्त्यांत जिंकलेल्या रकमेला नाही. सहा लाख पगाराचे सहा लाख हातात राहतात. जिंकलेल्या सहा लाखांतून १ लाख ८७ हजार २०० रुपये जातात.

म्हणजे पगार आणि निवृत्तिवेतनाचा वाटा भरून काढायला वर्षाला ४.२२ लाख नव्हे, ६ लाख १३ हजार जिंकावे लागतील. आपल्या खेळाडूची अपेक्षित वार्षिक कमाई ५ लाख ४० हजार आहे आणि वर्षाचे प्रमाण विचलन ४ लाख १८ हजार. यातून निघते असे : वर्षभर नीट खेळूनही तोट्यात राहण्याची शक्यता दहात एक. लिपिकापेक्षा कमी कमाई होण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के.

८ लाखांचा अर्थ परभणीत कोणालाही कळेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. ८ लाख म्हणजे १५० क्विंटल सोयाबीन, एकरी ६ क्विंटल उतारा धरला तर २५ एकरांचे पीक, तेही खर्च वजा न करता आणि हमीभाव खरोखर मिळाला तर. एवढे पैसे घरात नसतात, म्हणून माणूस कर्ज काढतो. १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ८ लाख घेतले तर हप्ता बसतो १८,६१५ रुपये. अशा कर्जावर नोकरी सोडणाऱ्याचे गणित पहिल्या महिन्यातच उणे होते.

आता सर्वांत अवघड भाग. १०० डावांमागे ५ हा दर मी गृहीत धरला. खऱ्या माणसाला आपला दर माहीत कसा व्हायचा? शनिवार-रविवार मिळून आठ तास खेळणाऱ्याचे वर्षाला सुमारे १०,८०० डाव होतात. ज्याचे कौशल्य अगदी शून्य नफ्याचे आहे, तोही एवढ्या डावांनंतर निव्वळ योगायोगाने १ लाख ८७ हजार किंवा त्याहून जास्त नफ्यात असण्याची शक्यता सहात एक आहे. सहा सारख्याच खेळाडूंपैकी एकाच्या वहीत पावणेदोन लाखांहून जास्त जमा दिसतात. राजीनामा लिहायला बसतो तो हाच. उरलेले पाच त्या प्रश्नापर्यंत येतच नाहीत. त्याच्या मेहनतीबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या वहीतला पुरावा निर्णयाला पुरेसा नाही.

पुरेसा पुरावा किती डावांचा? २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीची चार व्यावसायिक खेळाडूंशी लढत झाली, तेव्हा निकाल भरवशाचा यावा म्हणून १ लाख २० हजार डाव खेळवले गेले. आपण १ लाख धरू. दर ५ असणारा खेळाडूही १ लाख डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के राहते, दर २.५ असेल तर १९ टक्के. ऑनलाइन चार टेबले उघडून तासाला ३०० डाव खेळता येत. रोज रात्री दोन तास बसले की सहा महिन्यांत लाख डाव पुरे, आणि नोकरीला धक्का नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २७ डावांनी त्याच लाखाला ३,७०० तास लागतात. शनिवार-रविवारच्या हिशेबाने जवळपास नऊ वर्षे.

आणि ऑनलाइनची ती वाट आता बंद आहे. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र केल्या गेल्या, पण देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ तेव्हाच थांबवले. परदेशी ॲपवर खेळणाऱ्याचे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. त्या मार्गाची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

परभणीत पत्त्यांचा जुगार म्हटले की तिरट आठवते. तिरटच्या अड्ड्यावर छापा पडतो तो १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. रमी कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले. पोकरबाबत मात्र एकमत नाही : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, केवळ जुगार होईल या शंकेवर पोकरची परवानगी नाकारता येत नाही, असे म्हटले. अशा अनिश्चिततेवर घर चालवायचे नसते. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. मग उरतो गोवा. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर वर्षाला २,००० तास बसायचे तर बिऱ्हाड पणजीला हलवावे लागेल. ते भाडे वरच्या एकाही आकड्यात नाही.

तिथेही टेबलाची ‘नाल’ असतेच. गल्लीतल्या अड्ड्यावर घरमालक काढतो तीच, कॅसिनोत तिला रेक म्हणतात. समजा सहा जण २०-२० हजार घेऊन बसले आणि डावात सरासरी ४ हजार जमले. ५ टक्क्यांनी डावाला २०० रुपये, तासाला ५,४००, आठ तासांत ४३,२००. टेबलावरच्या १ लाख २० हजारांतले ३६ टक्के खेळ संपेपर्यंत गेलेले असतात. शिवाय कॅसिनोतल्या चिप्सवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. तो कॅसिनोच्या कमाईवर नव्हे, चिप्ससाठी मोजलेल्या रकमेवर लागतो. कोणीही सोसला तरी तो शेवटी खेळणाऱ्यांच्याच पैशातून वसूल होतो.

कौशल्याला किंमत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. लेव्हिट आणि माइल्स या अर्थतज्ज्ञांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल तपासले. आधीच्या कामगिरीवरून सरस ठरवलेल्या ७२० खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला होता, बाकीच्या हजारोंना सरासरी १५ टक्क्यांहून जास्त तोटा. थोड्यांचा नफा येतो तो बहुतेकांच्या तोट्यातून, हेच त्यातून दिसते.

आपल्याकडे पोकरची अशी आकडेवारी नाही, पण जवळचे उदाहरण आहे : शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. खर्च जाता एक लाखाहून जास्त कमावणारे अवघे एक टक्का. यातले ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या ३० शहरांबाहेरचे होते, म्हणजे परभणीसारख्या गावांतले. तोटा होऊनही तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले.

संसदेत विधेयक आले तेव्हा सरकारने सांगितले की ४५ कोटी लोकांचे वर्षाला २० हजार कोटींहून जास्त पैसे ऑनलाइन पैशांच्या खेळांत जातात. भागाकार केला तर माणशी ४४४ रुपये. या सरासरीत काहीच कळत नाही. कोणी पन्नास रुपये घालवलेले असतात, कोणी जमीन विकलेली असते, आणि घर मोडते ते दुसऱ्याचे.

माझा निष्कर्ष : आज परभणीत पगारावर असलेल्या माणसाने पोकरसाठी राजीनामा देऊ नये, खेळ उत्तम येत असला तरीही. गाठीला दोन वर्षांचा घरखर्च वेगळा, ८ लाख बिनकर्जाचे, कायदेशीर टेबलावरच्या किमान लाख डावांची लेखी नोंद आणि नोकरीवर परत घेणारा मालक, या चारही गोष्टी असतील त्यानेच हा विचार करावा. आणि ज्याने आधीच उसनवारी करून खेळायला सुरुवात केली आहे, त्याने आज घरात सांगावे. सांगवत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. मानसिक आरोग्याची ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.