फिफ्थ व्हील : स्थैर्य हवं, तर किंमत मोजा
अमेरिकेत सुट्टीला घरच मागे जोडून निघणाऱ्यांमध्ये फिफ्थ व्हील ट्रेलर लोकप्रिय आहे. साधा ट्रेलर गाडीच्या बंपरमागच्या गोळ्याला अडकतो. फिफ्थ व्हीलचा खुंटा पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वरच बसतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार तिथे पडतो, म्हणून वाऱ्यात तो कमी झुलतो. पण त्यासाठी दणकट पिकअप लागतो, हौद्यात सामानाला जागा उरत नाही आणि १३ फुटांच्या आसपासची उंची ठेंगण्या पुलांखाली अडते. त्यापेक्षा घर आणि गाडी एकच असलेलं मोटरहोम सुटसुटीत, असं कोणी म्हणेल. पण मुक्कामी ट्रेलर सोडून पिकअपने गावात मोकळं हिंडता येतं. तेव्हा एका जागी आठवडाभर राहणाऱ्यांना तो सोयीचा, रोज मुक्काम हलवणाऱ्यांना डोईजड.