मोबाईल दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं

तिजोरीची किल्ली शेतकरी परक्याच्या स्वाधीन करीत नाहीं. परंतु ज्या मोबाईलमध्यें सात-बारा, बँकेचें खातें व आधार या तिहींच्या किल्ल्या एकत्र बांधलेल्या आहेत, तो मात्र आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ सुज्ञ कास्तकार बाजाराच्या दिवशीं कोणाच्याहि हातीं देतात व "तूंच काय तें दाब" असें म्हणून चहाला निघून जातात. प्रस्तुत लेखकहि त्यांपैकींच एक होता. सबब प्रथम स्वतःचीच हकीकत सांगणें योग्य होईल.

चिखली तालुक्यांतील आमच्या शेतांत सोयाबीनमध्यें तुरीचे तास असतात. २०२४ च्या खरिपांत पीक पाहणीची मुदत संपत आली असतां, गांवांत पैसे घेऊन नोंदी करून देणाऱ्या एका तरुणास मीं मोबाईल दिला. त्यानें धुऱ्यावर उभें राहून एक छायाचित्र घेतलें, "निर्भेळ पीक, सोयाबीन" असें भरलें व तो पुढच्या शेताकडे गेला. त्या दिवसांत तूर सोयाबीनच्या आड असते. धुऱ्यावरून ती दिसत नाहीं. पुढें तुरीचा आधारभाव क्विंटलमागें ७,५५० रुपये असतां मी खरेदीच्या नोंदणीस गेलों, तों सात-बाऱ्यावर तुरीचें नांवच नाहीं! घरांत पोतीं होतीं, कागदावर दाणा नव्हता. माल व्यापाऱ्यास त्याच्या भावानें द्यावा लागला. यांत त्या मुलाचा दोष असेल तो असो, माझा पुरता होता.

सात-बारा हा शब्द आपण नित्य उच्चारतों, परंतु त्यांतील "बारा" म्हणजे गांवनमुना बारा, अर्थात् पिकांची नोंदवही होय, हें कित्येकांच्या ध्यानांत नसतें. पूर्वीं ती नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही लेखणी खातेदाराच्या हातीं आली. तलाठ्यांनीं घरीं बसून पाहणी केली अशी तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत होतों. आतां तसें केल्यास तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? सोयाबीन-तूर असेल तर "मिश्र पीक" हाच वर्ग निवडावा व दोन्ही पिकांचें क्षेत्र निरनिराळें भरावें. चूक झालीच, तर ४८ तासांच्या आंत ती एकदां दुरुस्त करतां येते, अशी सोय २०२२ सालीं करण्यांत आली. म्हणून नोंद केल्यावर दुसऱ्याच दिवशीं ती उघडून वाचणें अवश्य आहे. तसेंच सात-बाऱ्याचा जो उतारा संकेतस्थळावर फुकट पाहावयास मिळतो, तो केवळ माहितीपुरता असतो. कामकाजास १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उताराच घ्यावा.

दुसरी गोष्ट मोबाईलच्या क्रमांकाची. आधारास कोणता क्रमांक जोडला आहे हें प्रत्येकानें आजच पाहावें. कोणाचा जांवयाचा असतो, कोणाचा जुन्या सिमचा असतो. वापर नसलेला क्रमांक ९० दिवसांनंतर बंद होऊं शकतो व कालांतरानें दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. मग तुमचा ओटीपी एखाद्या अनोळखी गृहस्थाकडे जातो आणि तुम्ही केंद्रावर वाट पाहत बसतां. शेतकरी ओळख क्रमांक काय किंवा पी.एम. किसानचें ई-केवायसी काय, सर्व कांहीं या क्रमांकावर येऊन थांबतें.

चोरांसहि हें पक्कें ठाऊक आहे. अलीकडे व्हॉट्सॲपवर "पी.एम. किसान" अशा नांवाची एक फाइल येते, तिच्या शेवटीं "एपीके" हीं अक्षरें असतात. ही यादी नव्हे, कागदहि नव्हे; तें एक ॲपच आहे. तें बसवितांना संदेश वाचण्याची परवानगी मागतें. ती दिली कीं बँकेचा ओटीपी आपण वाचण्यापूर्वींच चोराकडे पोंचतो, व आपण कोणास कांहींच सांगितलें नसतांहि खातें रिकामें होतें. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून विश्वास ठेवूं नये, कारण त्याचाच मोबाईल आधीं बाधलेला असतो. परवानगी मागणें हेंच वाईट, असें मात्र नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें "दामिनी" नांवाचें ॲप आहे. तें २० व ४० किलोमीटरच्या टप्प्यांतील विजेची सूचना देतें. त्यास आपलें ठिकाण कळलेंच पाहिजे. (भेंडवळची घटमांडणी ऐकण्यास आम्हीहि उत्सुक असतों, पण आज दुपारीं झाडाखालीं थांबावें कीं घर गांठावें, हें ती सांगत नाहीं.) पण अनुदानाच्या यादीस आपले संदेश कशास वाचावयाचे आहेत, एवढा विचार बोट टेंकविण्यापूर्वीं करावा.

पैसे येण्यासाठीं पिन लागत नाहीं. पिन केवळ पैसे जाण्यासाठीं लागतो. "आगाऊ रक्कम पाठवितों, पिन दाबा" असें कोणी बैलजोडीचें वा जुन्या ट्रॅक्टरचें गिऱ्हाईक म्हणूं लागलें, तर तें गिऱ्हाईक नव्हे. अंगठा लावून रक्कम काढतांना "लागला नाहीं, पुन्हां लावा" असें सांगण्यांत आल्यास पहिल्या वेळचा निकाल काय झाला तें आधीं विचारावें. आणि फसगत झालीच, तर लाजेनें दोन दिवस गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. रक्कम पुढील खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं अडविली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

२०२५ च्या खरिपांत आम्ही पीक पाहणी स्वतः केली. वाचून दाखविण्यास धाकटी मुलगी बरोबर होती, मोबाईल माझ्या हातीं होता. शिवारांत रेंज नव्हती, म्हणून माहिती सांठवून ठेविली व गांवांत येऊन चढविली. दोन पिकें भरण्यास पाऊण तास लागला. तुरीचें छायाचित्र घेतांना सोयाबीनचीं पानें हातानें बाजूस सारावीं लागलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवची यादी उघडून पाहिली, तेव्हां आमच्या गटापुढें दोन्ही नांवें होतीं.