हिमाच्या कोठारांपाशी

ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर वादळातून ईयोबाशी बोलतो आणि त्याला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. त्यांतील एक प्रश्न हिमाच्या कोठारांविषयी आहे, तर दुसरा डोंगरातील प्राण्यांच्या विणीविषयी. ईयोब निरुत्तर होतो. आपणही आपल्या उष्ण प्रदेशात बसून हे अध्याय वाचताना त्यांना निव्वळ काव्य समजून पुढे जातो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक स्थळ असे आहे की, जेथे काही स्त्रीपुरुष नेमके हेच दोन प्रश्न मनात घेऊन रोज बर्फात उतरतात. त्या स्थळाची व तेथील कामाची ओळख आपल्या कुटुंबांना व्हावी, म्हणून हा लेख.

त्या स्थळाचे नाव स्वालबार्ड. नॉर्वे देशाच्या उत्तरेस, युरोपखंड आणि उत्तर ध्रुव यांच्या दरम्यान, समुद्रात वसलेला हा द्वीपसमूह होय. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे सूर्य जो मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. आणि उन्हाळ्यात चार महिने तो मावळतच नाही. इतक्या दूरच्या भूमीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. गोव्यात वास्को-द-गामा येथील हेडलँड सडा या भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची उत्तर ध्रुव प्रदेशातील पहिली शास्त्रीय मोहीम 2007 साली निघाली आणि 1 जुलै 2008 रोजी स्वालबार्डमधील नी-ऑलेसुंद या वस्तीत 'हिमाद्री' हे आपले संशोधनस्थान उघडले. 2014 साली तेथील खाडीत सुमारे 190 मीटर खोलीवर भारतीय शास्त्रज्ञांनी उपकरणांची एक साखळी सोडली, आणि डिसेंबर 2023 पासून आपले संशोधक भर हिवाळ्यातील काळोखातही तेथे जाऊन राहू लागले. त्या कामाची सूत्रे गोव्यातूनच हलतात.

नी-ऑलेसुंद हे पूर्वी कोळशाच्या खाणीचे गाव होते. नोव्हेंबर 1962 मध्ये खाणीत स्फोट होऊन 21 कामगार मृत्यू पावले आणि खाण कायमची बंद पडली. आज त्याच गावात अनेक देशांचे शास्त्रज्ञ नांदतात. तेथे घरांना कुलपे लावण्याचा प्रघात नाही. अचानक अस्वल समोर आलेच, तर कोणालाही जवळच्या दारातून आत शिरता यावे, हा त्यामागील हेतू.

ह्या पांढऱ्या अस्वलाची शिकार स्वालबार्डमध्ये 1973 साली बंद झाली. त्याच वर्षी नॉर्वे, कॅनडा, डेन्मार्क, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ या पाच देशांनी त्याच्या रक्षणाचा करार केला. तेव्हापासून त्याचा अभ्यास अखंड चालू आहे. वसंत ऋतूत शास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून अस्वलाचा माग काढतात आणि गुंगीचे औषध भरलेली सुई बंदुकीने त्याच्या अंगात मारतात. प्राणी निपचित पडला की त्याची लांबी-रुंदी मोजतात, रक्त घेतात आणि वय कळावे म्हणून एक लहानसा निरुपयोगी दात काढून घेतात. मादीच्या गळ्यात एक पट्टा बांधतात. ती कोठे जाते, हे त्यातील यंत्र आकाशातील उपग्रहाला कळवीत राहते. नराला मात्र पट्टा बांधता येत नाही, कारण त्याची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि पट्टा सहज निसटून पडतो!

या कष्टांतून काय कळले? होपेन नावाच्या एका चिंचोळ्या बेटावर गाभण माद्या बर्फात गुहा खोदून पिलांना जन्म देत आल्या आहेत. त्या तेथे गोठलेल्या समुद्रावरून चालत येतात. ज्या वर्षी शरद ऋतूत समुद्र उशिरा गोठतो, त्या वर्षी तेथे पोचणाऱ्या माद्या थोड्या असतात आणि गुहाही थोड्या आढळतात. ईयोबाला विचारलेल्या विणीविषयीच्या प्रश्नाला मिळालेले हे एक इवलेसे, परंतु प्रामाणिक उत्तर होय.

दुसरा प्राणी रेनडिअर. स्वालबार्डचा रेनडिअर आखूड पायांचा, गुबगुबीत आणि स्वभावाने गरीब. 1925 पासून त्याला कायद्याचे संरक्षण लाभले. हिवाळ्यात तो खुरांनी बर्फ उकरून खालचे शेवाळ आणि वाळके गवत खातो. काही खोऱ्यांत शास्त्रज्ञ एप्रिल महिन्यात बर्फावर धावणाऱ्या दोन स्कूटरांमध्ये जाळे ताणून त्यास पकडतात, वजन करतात आणि सोडून देतात. उन्हाळ्यात खोरी पायी तुडवून जिवंत जनावरे मोजतात आणि मेलेल्यांचे सांगाडेही मोजतात. अद्वेन्तदालेन खोऱ्यात ही मोजणी 1979 पासून चालली आहे. अशा चिकाटीमुळेच एक गोष्ट उघडकीस आली. 1994 साली जन्मलेल्या माद्यांचे वजन प्रौढपणी सरासरी 55 किलो भरले होते; 2010 साली जन्मलेल्यांचे 48 किलोच भरले. उन्हाळा उबदार झाल्याने चारा वाढला, कळपही वाढले. परंतु हिवाळ्यात पोटभर खाणे दुर्मीळ झाले.

ते का, हे समजण्यासाठी 2012 सालचा जानेवारी महिना आठवावा लागेल. ज्या काळात तेथे सारे गोठलेले असावयाचे, त्या काळात दिवसेंदिवस पाऊस कोसळला. 30 जानेवारी रोजी नी-ऑलेसुंद येथे एकाच दिवशी 98 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या आषाढात एवढ्या पावसाचे आपणांस नवल वाटणार नाही. परंतु तो पाऊस बर्फावर पडला आणि पुढे गोठून जमिनीवर काचेसारखा जाड थर बसला. रेनडिअरचे खूर तो थर फोडू शकले नाहीत आणि कित्येक जनावरे उपासमारीने मेली. त्याच पावसाने डोंगरावरचा बर्फ पाण्याने भिजून चिखलासारखा वाहू लागला आणि लाँगयरब्येन गावात पायी जाण्याचा पूल मोडून गेला. एकच पाऊस! रानात त्याने जनावरांचा घास काढून घेतला आणि गावात माणसांची वाट. प्राण्यांचा अभ्यास करणारे आणि डोंगराचा अभ्यास करणारे हे दोन वेगळे पंथ आहेत, असे आपण समजतो. वस्तुतः ते एकाच दुखण्याची नाडी दोन हातांवर पाहत असतात. 1971 ते 2017 या काळात स्वालबार्डचे सरासरी तापमान 3 ते 5 अंशांनी वाढले, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

लाँगयरब्येन हे तेथील मुख्य गाव, सुमारे अडीच हजार वस्तीचे. 1993 साली तेथे विद्यापीठ केंद्र निघाले. दूरदूरचे विद्यार्थी येतात, तेव्हा त्यांना सर्वांआधी बंदूक चालविणे आणि हिमात गाडलेल्या माणसाला शोधून काढणे शिकवितात. ह्या गावाच्या डोक्यावर सुकरटोपेन, म्हणजे साखरेचे शिखर, नावाचा डोंगर उभा आहे.

19 डिसेंबर 2015. आगमनकाळाचा अखेरचा आठवडा. नाताळ सहा दिवसांवर आलेला. आदल्या रात्री पूर्वेकडून भयंकर वादळ झाले. तेथे मुळात हिमवृष्टी थोडी; परंतु वारा पठारावरचे सारे हिम झाडून आणतो आणि एखाद्या उतारावर त्याचे ढीग रचतो. आपल्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, तद्वत त्या शनिवारी सकाळी तो ढीग सुटला. यालाच हिमस्खलन म्हणतात. पायथ्याची अकरा घरे त्याने पायापासून उखडून पुढे ढकलली. काळोखात सारा गाव फावडी घेऊन धावला आणि अनेकांना जिवंत बाहेर काढले. दोघे मात्र वाचले नाहीत. एक गृहस्थ, आणि दुसरी दोन वर्षांची बालिका.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. त्या उतारावरून हिम सुटू शकते, ही गोष्ट जाणत्यांना अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. ती कागदावर होती. परंतु कागदावरील ज्ञान आणि घराच्या दारात उभा राहणारा पहारेकरी यांत फार अंतर असते. ते अंतर त्या बालिकेच्या मृत्यूनंतर तुटू लागले. गावासाठी हिमस्खलनाचा दैनंदिन इशारा सुरू झाला. अभ्यासक उतारावर जाऊन बर्फात खड्डा खणतात, त्याच्या भिंतीतील थर भिंगातून तपासतात आणि साखरेसारखा भुसभुशीत थर खाली दडलेला आहे काय ते पाहतात. मग बर्फाचा एक चौकोनी खांब कापून त्यावर फावडे ठेवतात आणि हाताने ठोके देतात: दहा मनगटापासून, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. खांब कितव्या ठोक्याला ढासळतो, त्यावरून डोंगराचे मन ओळखावयाचे. किती साधी ही परीक्षा! आणि ती घेण्यासाठी कडाक्याच्या थंडीत, खांद्यावर बंदूक अडकवून, किती वेळा वर चढावे लागते!

एवढे करूनही माणूस चुकतो. 21 फेब्रुवारी 2017 रोजी त्याच डोंगरावरून पुन्हा हिमस्खलन झाले. ते अंदाजापेक्षा मोठे निघाले आणि माणसे घरातच होती. देवकृपेने त्या वेळी कोणाचा प्राण गेला नाही. त्यानंतर गावाने मोठा व कटू निर्णय घेतला. शंभरांहून अधिक घरे त्या पायथ्यावरून कायमची हलवावयाची ठरली. उतारावर हिम अडविणारी पोलादी कुंपणे आणि पायथ्याशी बांध उभारला. वर्षानुवर्षे ज्या अंगणात मुले खेळली, ते अंगण सोडणे कोणाला रुचेल? परंतु डोंगराशी हुज्जत घालण्यापेक्षा आपण बाजूस सरणे शहाणपणाचे, हे त्यांनी मानले.

ज्या वर्षी ती बालिका गेली, त्याच वर्षी जून महिन्यात पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. सृष्टीची हानी आणि गोरगरिबांचे दुःख ही वेगळी काढता येत नाहीत, हे त्या परिपत्रकाचे एक मुख्य सूत्र. उपाशी रेनडिअर आणि उखडलेले घर यांच्याकडे पाहिले म्हणजे हे सूत्र पोथीतले राहत नाही.

ईयोबाला विचारलेल्या प्रश्नांचा अर्थ, माणसाने काही शोधूच नये, असा मुळीच नाही. शोधावे, परंतु नम्रतेने शोधावे, आणि जे कळले त्याची जबाबदारी उचलावी. बर्फाच्या खांबावर मोजून ठोके देणारा तो विद्यार्थी आणि मेलेल्या जनावरांची टिपणे ठेवणारी ती संशोधिका यांचे काम मला जागरणाच्या प्रार्थनेसारखे वाटते. इतरांना निवांत झोप लागावी, म्हणून ते जागे असतात.

आपल्याही गावांत एखादा उतार, एखादा ओढा, एखादा जुना कडा असा असतो, ज्याविषयी वडीलधारी माणसे दरवर्षी सावध करतात आणि आपण दरवर्षी ऐकून सोडून देतो. येत्या पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी, कुटुंबाची रोझरी आटोपल्यावर, त्याचा विचार घरात बसून अवश्य करा. आणि त्या प्रार्थनेत एक नमस्कार मरिया त्या दूरच्या बालिकेसाठीही म्हणा. तिचे नाव आपणांस ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. ज्याला ठाऊक असावयास हवे, त्याला ते ठाऊक आहे.